कोयनेचं खोरं, आयुकर्म आणि घरातली तयारी



वर्षायोगाचे दिवस जवळ आले की आपल्या घरांत दोन प्रकारची लगबग सुरू होते. एक धर्माची. महाराज कुठे विराजमान होणार, चौका कधी लावायचा, यंदा कोणता नियम घ्यायचा. दुसरी स्वयंपाकघराची. डाळींना ऊन दाखवायचं, तांदळाला एरंडेल चोळायचं, गळण्याची नवी वस्त्रं शिवायची. याच दिवसांत वर्तमानपत्रात एखादी बातमी हमखास येते, डोंगर खचला आणि वाडी गाडली गेली. आपण हळहळतो, णमोकार म्हणतो. मग कुणीतरी म्हणतंच, "ज्याचं आयुष्य संपलं तो जाणारच. तयारी करून काय होतं?"

हे वाक्य मी प्रवचनानंतरच्या गप्पांत ऐकलं आहे, हळदीकुंकवात ऐकलं आहे आणि शिकल्यासवरलेल्या बायकांच्या तोंडूनही ऐकलं आहे. ऐकायला ते वैराग्याचं वाटतं. ते आपल्या शास्त्राला धरून आहे का आणि इतिहासाला धरून आहे का, हे या लेखात तपासायचं आहे. त्यासाठी मी सातारा जिल्ह्यातला पाटण तालुका आणि कोयनेचं खोरं घेतलं आहे. एका डोंगरी तालुक्यावर साठ वर्षांच्या आत काय काय येऊ शकतं, हे तिथे स्पष्ट दिसतं.

चार महिन्यांची बेगमी

कोयना नदी महाबळेश्वरला उगम पावते, सह्याद्रीच्या कडेकडेने दक्षिणेकडे वाहते, हेळवाकजवळ पूर्वेला वळते आणि कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णेला मिळते. या वाटेवर दोन्ही बाजूंना उभे डोंगर, वर सपाट सडे आणि उतारांवर विखुरलेल्या वाड्या आहेत. पावसाळ्यात इथे काही हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पूर्वी ओढ्यांवर पूल नव्हते. एकदा मृग लागला की कितीतरी वाड्यांचा बाजारपेठेशी संबंध तुटायचा, तो थेट नवरात्राच्या सुमाराला जुळायचा.

म्हणून तिथलं घर वैशाखातच पावसाळ्याला सज्ज होई. सरपण फोडून माळ्यावर चढवायचं. गोवऱ्या रचून वर पेंढा घालायचा. भात आणि नाचणी कणगीत भरून तोंड शेणामातीने लिंपायचं. मीठ, गूळ, मिरची आणि रॉकेल चार महिन्यांचं एकदम आणायचं. कौलं चाळायची, गवताचं छप्पर असेल तर शाकारायचं. पावसाच्या बाजूच्या भिंतीला गवताचा आडोसा बांधायचा. इरली आणि घोंगडी दुरुस्त करायची. दारात पावसाची झड येऊ नये म्हणून पडवी उतरती ठेवायची.

हे सगळं बहुतेक ठिकाणी बायकांनीच केलं. पाटण तालुक्यातल्या घराघरातला कर्ता पुरुष मुंबईला असे, कुणी गिरणीत, कुणी गोदीत, कुणी माथाडी. मनीऑर्डर मुंबईहून यायची, पण पावसाळा घरी निभवायचा तो सासू-सुनांनी. आपत्तीची घरगुती तयारी म्हणून आज शिबिरं भरवली जातात, तिचा पहिला धडा या बायका कुणी न शिकवता पिढ्यान्‌पिढ्या गिरवत होत्या. जे दरवर्षी येतं त्याची तयारी त्यांना पाठ होती. जे आयुष्यात एकदाच येतं, त्याची मात्र कुणालाच कल्पना नव्हती.

11 डिसेंबर 1967

कोयना धरणाचं काम 1950 च्या दशकात सुरू झालं. 103 मीटर उंचीची भिंत, मागे शिवसागर जलाशय, आणि डोंगराच्या पोटातून पाणी पलीकडे पोफळीला सोडून वीज. मुंबईचे कारखाने चालले ते या विजेवर. शंभराच्या आसपास गावं पाण्यासाठी उठली. काही लोक दूर गेले, काही जलाशयाच्या वर, उतारावर सरकले.

1960 च्या दशकाच्या सुरुवातीला पाणी साठू लागलं आणि थोड्याच दिवसांत जमिनीतून गुरगुर ऐकू येऊ लागली. भांडी खणखणत, कौलं सरकत. परिसरात भूकंपमापक बसवले गेले. दख्खनचं पठार म्हणजे स्थिर, हलणार नाही अशी भूमी, असा तेव्हा सर्वसाधारण समज होता. 13 सप्टेंबर 1967 ला 5 च्या वर तीव्रतेचा एक धक्का बसला. लोक घाबरले, पुन्हा कामाला लागले.

सोमवार, 11 डिसेंबर 1967. पहाटेचे 4 वाजून 21 मिनिटं. कडाक्याची थंडी, त्यामुळे सगळे घरात, दारं लावून, पांघरुणात. त्या धक्क्याची तीव्रता 6.3 ते 6.5 च्या दरम्यान मोजली गेली. कोयनानगरची बहुतेक घरं पडली किंवा राहण्याजोगी उरली नाहीत. सुमारे 180 माणसं गेली, दीड हजारांहून अधिक जखमी झाली. धक्का पुणे, मुंबई, गोव्यापर्यंत जाणवला. कोयनेची वीज बंद पडली आणि मुंबईचे कारखाने थांबले.

माझ्या पिढीच्या सातारा-सांगलीकडच्या मुलांना ती पहाट आठवते. मी तेव्हा सात वर्षांची होते. आमच्या घरातल्या मांडणीवरचे पितळी डबे एकामागून एक खाली आले, तो आवाज अजून कानात आहे. पुढच्या रात्री आख्खी गल्ली अंगणात झोपली. खोऱ्यात तर लोक कितीतरी दिवस त्या थंडीत उघड्यावर होते, कारण मागाहून येणारे धक्के थांबत नव्हते.

धरणाच्या उंच भागांना तडे गेले, पण धरण फुटलं नाही. पुढे त्याला मागून काँक्रीटचे आधार देऊन ते मजबूत केलं. धरणातल्या यंत्राने त्या धक्क्याची जी नोंद घेतली, ती पुढे जगभरच्या अभियंत्यांनी अभ्यासली. 1970 साली देशाचा भूकंपप्रवण क्षेत्रांचा नकाशा सुधारला गेला आणि कोयनेचा परिसर चौथ्या, म्हणजे गंभीर धोक्याच्या विभागात आला.

माणसं कशाने गेली

भूकंप सहसा माणसाला मारत नाही, घर मारतं. हे वाक्य अभियंते नेहमी सांगतात आणि कोयनेत ते खरं ठरलं.

त्या काळच्या बऱ्या घराची भिंत हातभर किंवा त्याहूनही जाड असे. बाहेरून घडीव दगडांचा एक थर, आतून दुसरा, मध्ये माती आणि दगडांचा चुरा. दिसायला भक्कम. पण हे दोन थर एकमेकांना बांधलेले नसतात. जमीन हलली की मधला चुरा खाली बसतो, दोन्ही थर फुगतात आणि सुटे होऊन कोसळतात, एक घराबाहेर आणि एक झोपलेल्या माणसावर. याउलट कुडाची भिंत, कारवीच्या काठ्यांना शेणमाती लिंपलेली, धक्क्याबरोबर लवते. पडलीच तरी तिच्याखाली माणूस चिरडत नाही. गरिबाचं म्हणून ज्या घराला नाव ठेवलं जाई, त्याची भिंत भूकंपात जास्त दयाळू असते.

भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दर काही फुटांवर घातला, कोपरे नीट सांधले आणि दार-खिडक्यांच्या डोक्यावरून घराभोवती काँक्रीटचा सलग पट्टा फिरवला, तर तीच दगडी भिंत पुष्कळ तग धरते. गवंड्याला हे ठाऊक असेल आणि घरमालकाने चार पैसे जास्त द्यायचं मनावर घेतलं असेल, तर खर्च फार वाढत नाही.

पुढे 26 वर्षांनी याच राज्यात दुसरी पहाट उजाडली. 30 सप्टेंबर 1993, पहाटे 3 वाजून 56 मिनिटं, लातूर जिल्ह्यातलं किल्लारी. गणपती विसर्जन करून लोक नुकते झोपले होते. आपल्यासाठी ती दशलक्षण पर्वाची सांगता होती. तीव्रता कोयनेच्या जवळपास, पण तिथे हजारो माणसं गेली. वस्ती दाट होती, हे एक कारण. दुसरं कारण छप्पर. मराठवाड्यात पाऊस कमी, म्हणून घरांवर माळवद. लाकडी छतावर मातीचे जाड थर, उन्हाळ्यात गारवा देणारे. भिंती फुटल्या तेव्हा ते सगळं ओझं खाली आलं. कोयनेच्या खोऱ्यात पाऊस धो धो, म्हणून छप्पर उतरतं, कौलाचं किंवा गवताचं, तुलनेने हलकं. पावसासाठी केलेली तयारी तिथे नकळत भूकंपातही थोडी कामी आली.

उपादान आणि निमित्त

आता शास्त्राकडे येऊ.

कोयनेचा भूकंप धरणामुळे झाला का, यावर वैज्ञानिकांत दीर्घकाळ वाद झाला. हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेतले डॉ. हर्ष गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं अभ्यास केला. दिसलं ते असं की धक्के एका लहानशा पट्ट्यातच बसतात, आणि पावसाळ्यात जलाशय भरल्यावर त्यांची संख्या वाढते. 1967 नंतर या भागात 5 किंवा त्याहून अधिक तीव्रतेचे वीसहून जास्त धक्के बसले आहेत. आता कराडला पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची खास प्रयोगशाळा आहे आणि तिच्या कामाचा भाग म्हणून गोठणे इथे 3 किलोमीटर खोल विंधन विहीर खणली गेली. वरचा काळा कातळ आणि त्याखालचा ग्रॅनाइट यांत काय चाललं आहे, ते थेट तिथे उतरून पाहण्यासाठी.

यातून समजलं ते सोप्या शब्दांत असं. खडकांत भेगा होत्या आणि त्यांत ताण आधीच साठलेला होता. जलाशयाचं वजन वर पडलं, पाणी भेगांत झिरपलं, तिथला दाब वाढला आणि अडकून बसलेला खडक सरकला. वैज्ञानिक आधी म्हणत, धरणाने भूकंप घडवला. आता ते शब्द जपून वापरतात. म्हणतात, धरणाने भूकंपाची कळ दाबली.

हे वाचलं तेव्हा मला आपलं उपादान आणि निमित्त आठवलं. खडकात साठलेला ताण हे उपादान, पाणी हे निमित्त. उपादान नसेल तर कितीही पाणी साठवा, काही होणार नाही. जगात हजारो धरणं आहेत, सगळीकडे भूकंप झाले नाहीत. पण उपादान तयार असताना निमित्त मिळालं की कार्य घडतं. उपादान बहुधा आपल्या हातात नसतं. निमित्ताचं मात्र पुष्कळसं आपण ठरवू शकतो. घर कुठे बांधायचं, भिंत कशी घालायची, कुठल्या फळीखाली पाळणा टांगायचा, ही सगळी निमित्तं आहेत.

आयुकर्म काय सांगतं

"ज्याचं आयुष्य संपलं तो जाणारच" या वाक्याचं उत्तर तत्त्वार्थसूत्राच्या दुसऱ्या अध्यायाच्या अखेरीस आहे. ज्यांचं आयुष्य बाहेरच्या कारणाने तुटत नाही असे जीव कोणते, हे तिथे मोजून सांगितलं आहे. देव आणि नारकी, त्याच भवात मोक्षाला जाणारे उत्तम देहाचे जीव, आणि भोगभूमीतले असंख्यात वर्षांचं आयुष्य असलेले. बस्स. म्हणजे तुमचं-माझं आयुष्य या यादीत नाही. आपलं आयुकर्म विष, शस्त्र, आग, पाणी अशा निमित्ताने मुदतीआधी भोगून संपू शकतं. यालाच अकालमरण म्हणतात आणि आपल्या परंपरेने ते नाकारलेलं नाही.

समईत तेल भरपूर आहे, वातही चांगली आहे, पण खिडकी उघडी राहिली आणि वाऱ्याने ज्योत विझली. तेल संपलं म्हणून ती विझली असं आपण म्हणू का? खिडकी लावायला हवी होती, असंच म्हणू.

शिवाय कर्मबंधाची जी पाच कारणं आपण पाठ करतो, मिथ्यात्व, अविरती, प्रमाद, कषाय आणि योग, त्यांत प्रमाद आहे. प्रमाद म्हणजे बेसावधपणा. घरात जीव वाचवण्याची सोपी व्यवस्था करता येत असताना ती न करणं, मुलं-म्हातारी धोक्याच्या भिंतीखाली झोपवणं आणि वर कर्माचं नाव घेणं, हे वैराग्य नव्हे. तो प्रमाद आहे. मुंगी मरू नये म्हणून खाली बघून चालणारी आपण माणसं. त्याच यत्नाचाराने वरच्या फळीकडे एकदा बघायला काय हरकत आहे?

दरड : पाऊस आणि डोंगर एकत्र

भूकंप क्वचित येतो. दरड मात्र आता जवळजवळ दर पावसाळ्यात कुठे ना कुठे येते. 30 जुलै 2014 ला पुणे जिल्ह्यातल्या आंबेगाव तालुक्यात माळीण गाव सकाळी गाडलं गेलं, 151 माणसं गेली. नेहमीप्रमाणे आलेल्या एसटीच्या चालकाला गावच दिसेना, तेव्हा जगाला कळलं. 22 जुलै 2021 ला महाड तालुक्यातलं तळिये. 19 जुलै 2023 च्या रात्री खालापूरजवळची इर्शाळवाडी.

पाटण तालुक्यावर ती वेळ 22 जुलै 2021 च्या रात्री आली. त्या सुमारास महाबळेश्वरला 24 तासांत 594 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. आंबेघर, मिरगाव आणि ढोकावळे इथे उतार खचून घरं गाडली गेली. रस्ते तुटल्यामुळे मदत पोचायला वेळ लागला. पंचांगात पाहिलं तर वर्षायोग सुरू होण्याच्या तोंडावरची ती रात्र होती. जीवांची हिंसा टळावी म्हणून साधू एका जागी थांबतात, त्याच दिवसांत डोंगरातल्या माणसांना मात्र जागा सोडण्याची तयारी ठेवावी लागते.

पाऊस मुरून माती जड होते, खालच्या कातळावरची तिची पकड सुटते आणि उतार एकदम घसरतो. पण डोंगर बहुधा आधी सांगतो. घराच्या वरच्या अंगाला जमिनीत नवी भेग दिसते. झाडं किंवा विजेचे खांब कलतात. दार अचानक चौकटीत अडकू लागतं, भिंतीला तडा जातो. नेहमीचा झरा एकाएकी गढूळ होतो, थांबतो किंवा नको तिथे फुटतो. रात्री गडगडल्यासारखा आवाज येतो. ही लक्षणं सगळ्यात आधी कुणाला दिसतात? पाणी भरणाऱ्या आणि दार उघडझाप करणाऱ्या बाईला. तिने "आज पाणी गढूळ का आलं" असं म्हटलं की ते हसण्यावारी नेऊ नये.

साठा की तरतूद?

इथे आपल्या मैत्रिणींना एक शंका येते. आपण परिग्रहपरिमाण व्रत घेतो, वस्तूंची मर्यादा करतो. मग संकटासाठी म्हणून साठवत गेलो तर व्रताचं काय?

कॉमर्सच्या वर्गात आम्हाला दोन शब्दांतला फरक शिकवला होता, रिझर्व्ह आणि प्रोव्हिजन. रिझर्व्ह म्हणजे नफ्यातून बाजूला काढलेली गंगाजळी. नफा झाला तर ठेवायची. प्रोव्हिजन म्हणजे तरतूद. येणारं देणं ठाऊक आहे, पण नेमकी रक्कम ठाऊक नाही, अशासाठी ती करायची. नफा होवो की तोटा, ती करावीच लागते. न केली तर ताळेबंद खोटा ठरतो.

घरातलंही तसंच आहे. भीतीपोटी पोत्यावर पोतं रचणं हा परिग्रह. टंचाईच्या काळात दुसऱ्याच्या वाट्याचं अडवून ठेवणं हा तर सरळ दोष. पण घरात जितकी माणसं आहेत तितक्यांना तीन दिवस पुरेल इतकं हाताशी ठेवणं ही तरतूद आहे. तिला मर्यादा आहे, हिशोब आहे आणि ती ठरावीक काळाने वापरून पुन्हा भरायची असते. पाटणच्या बायकांनी कणगीत भरलेलं धान्य असंच होतं, पुढच्या नवरात्रापर्यंतचं.

आपले शोधाचे नियमही इथे आड येत नाहीत. पिठाची मर्यादा पावसाळ्यात 3 दिवस, उन्हाळ्यात 5, हिवाळ्यात 7. मग पीठ साठवूच नये. अख्खं धान्य ठेवावं, आणि न शिजवता खाता येईल असं थोडं. फुटाणे, भाजलेले शेंगदाणे, चुरमुरे, गूळ, राजगिऱ्याचे लाडू, खजूर. हे सगळं आळीपाळीने वापरून नवं भरावं, म्हणजे जीव पडत नाहीत. पाण्याची टाकी झाकलेली असावी आणि गळण्याचं वस्त्र आणि लहान भांडं त्या पिशवीतच असावं. पूर किंवा दरडीनंतर पाणी गढूळ असतं. आधी गाळा, मग उकळा, हा आपला रोजचा नियम तेव्हा आरोग्य खातंही सांगतं.

सूर्यास्तापूर्वी जेवण आटोपायची सवय असलेल्या घरात रात्री चूल विझलेली आणि गॅसचा कॉक बंद असतो. अंधारात धक्का बसला तर आगीची एक धास्ती कमी. व्रत त्यासाठी घ्यायचं नसतं, हे खरं. पण घेतलेल्या व्रताने घरही सांभाळलं जातं.

घरात काय करायचं

ही यादी डोंगरातल्या घरासाठी आहे. शहरातल्या फ्लॅटलाही त्यातलं बरंच लागू पडतं.

झोपण्याच्या जागेवर माळा, जड फ्रेम किंवा भांड्यांची फळी नको. पाटा-वरवंटा, हंडे, पिंप खालच्या थरात, हलकं वर. कपाट आणि मांडणी भिंतीला क्लँपने आवळून घ्यावी.

उशाशी टॉर्च, शिट्टी आणि चपला. फुटलेल्या कौलांवरून आणि काचांवरून अनवाणी पळता येत नाही.

दाराजवळ एक पिशवी. तीन दिवसांचं कोरडं खाणं, पाणी, रोजची औषधं, चष्मा, थोडी रोख रक्कम, आणि आधार, रेशनकार्ड, सातबारा, पासबुक यांच्या प्रती प्लॅस्टिकमध्ये घालून. जपमाळ ठेवायची असेल तर तीही. दागिने शोधत बसायचं नाही.

जमीन हलू लागली तर मजबूत टेबलाखाली डोकं झाकून बसायचं. दगडमातीचं घर असेल आणि दार दोन पावलांवर असेल तर मोकळ्यात जायचं. कुणी कुठे जमायचं ती जागा आधीच ठरलेली असावी, मुलांनाही माहीत असावी.

अतिवृष्टीचा इशारा असेल आणि घर उताराखाली असेल, तर रात्र होण्याआधीच शाळेत, देवळात किंवा नातेवाइकांकडे जावं. सकाळी परत यावं लागलं तर परत यावं. त्यात कमीपणा नाही.

जनावरांना विसरू नका. दरडीत दाव्याला बांधलेली गुरं जागच्या जागी मरतात. पावसाच्या त्या रात्री दावं एका ओढीने सुटेल अशा गाठीने बांधावं, किंवा गुरं आधीच सुरक्षित जागी न्यावीत. चार दानांत अभयदान आपण रोज म्हणतो. ते देण्याची ही प्रत्यक्ष जागा आहे.

जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक 1077, तातडीची मदत 112, रुग्णवाहिका 108. हे क्रमांक मोबाइलमध्ये आहेत म्हणून निश्चिंत राहू नये. स्वयंपाकघराच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहावेत.

आणि घराचा विमा. आपण सोन्याचं लॉकर भरतो, पण ज्या छपराखाली झोपतो त्याचा विमा सहसा काढत नाही. 1 एप्रिल 2021 पासून 'भारत गृह रक्षा' ही प्रमाणित पॉलिसी सर्वसाधारण विमा कंपन्यांकडे मिळते. तिच्यात आगीबरोबर भूकंप, पूर आणि दरडही येते. अटी वाचून घ्याव्यात.

नवीन घर बांधणाऱ्यांना एकच सांगणं. फरशी आणि रंगाआधी गवंड्याला विचारा, भिंतीत आरपार दगड किती, लिंटेलचा पट्टा सलग आहे का, आणि घराच्या वरच्या उताराचं पाणी कुठून काढलं आहे.

शेवटी

कोयनेच्या खोऱ्यात आजही अधूनमधून भांडी खणखणतात. तिथली माणसं क्षणभर थांबतात, देवाचं नाव घेतात आणि कामाला लागतात. हा धीर मोठा आहे. त्या धीराला सावधपणाची जोड मिळाली, तर पुढच्या धक्क्यात आणि पुढच्या पावसात घरातली माणसं घरातच सापडतील, ढिगाऱ्याखाली नाही.

यंदा वर्षायोगात नियम घेताना प्रत्येकीने एक नियम घराच्या नावाने घ्यावा, असं मला वाटतं. चार महिन्यांत एकदा, एखाद्या अष्टमी-चतुर्दशीला, ती पिशवी उघडून पाहायची, जुनं वापरून नवं भरायचं आणि घरातल्या लहानांकडून 1077 आणि जमायची जागा म्हणवून घ्यायची. अर्धा तास पुरतो. ज्यांची मुलं-सुना डोंगराळ गावांत नोकरीला आहेत, त्यांनी हा लेख त्यांना जरूर पाठवावा.

जय जिनेंद्र.